चाळिशीचे थेंब: तुलना नक्की कशाशी केली?

सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला तुमच्याही व्हॉट्सअॅपवर ती बातमी आली असणार. मुंबईच्या एंटोड फार्मास्युटिकल्स या कंपनीचे ‘प्रेसव्हू’ नावाचे डोळ्यांचे थेंब येणार, घातल्यावर पंधरा मिनिटांत जवळचं दिसायला लागणार, वाचायच्या चष्म्याची गरज उरणार नाही, अशा अर्थाचे मथळे होते. आठवडाभरात दुसरी बातमी आली. १० सप्टेंबरला केंद्रीय औषध नियामकांनी या थेंबांना ऑगस्टमध्ये दिलेली परवानगी पुढील आदेशापर्यंत स्थगित केली. पहिली बातमी सगळ्यांनी पुढे ढकलली, दुसरी फारशी कुणी ढकलली नाही. त्यामुळे अष्टमीला गेलं की आजही कुणीतरी विचारतंच, “अगं, ते चष्मा घालवणारे थेंब मिळतात का गं मुंबईला?”

तर हा लेख त्या प्रश्नावर. पण मला कंपनीवर टीका करण्यात फार रस नाही, ते काम नियामकांनी केलंय. मला बोलायचंय ते या प्रकारच्या थेंबांमागच्या संशोधनावर. मी डोळ्यांची डॉक्टर नाही. पीएचडी करते, आणि दुसऱ्यांचे पेपर वाचून त्यात काय मोजलंय आणि काय मोजलेलंच नाही हे शोधणं हा माझ्या कामाचा अर्धा भाग आहे. या थेंबांच्या बाबतीत न मोजलेली गोष्ट अगदी समोर, नाकावर बसलेली आहे.

आधी आजार समजून घेऊ. खरं तर आजार म्हणणंही जरा जड आहे. मराठीत त्याला किती छान शब्द आहे बघा: चाळिशी. वयही तेच आणि चष्माही तोच. इंग्रजीतलं नाव प्रेसबायोपिया. तरुणपणी डोळ्यातलं भिंग लवचिक असतं. जवळचं बघताना भोवतीचा स्नायू आकुंचन पावतो, भिंग फुगतं, आणि अक्षर स्पष्ट होतं. वय वाढतं तसं भिंग ताठर होत जातं. चाळिशीच्या आसपास ते इतकं ताठर होतं की पेपर हातभर लांब धरावा लागतो, सुईत दोरा ओवायला मुलांना हाक मारावी लागते. हे एकदा सुरू झालं की मागे फिरत नाही, उलट साठीपर्यंत वाढत जातं. म्हणजे उपाय कोणताही घ्या, तो जन्मभराचा. औषध निवडताना ही गोष्ट लक्षात ठेवायची. आठ दिवसांच्या डोळे येण्यावर थेंब घेणं वेगळं आणि पुढची तीस वर्षं रोज थेंब घेणं वेगळं.

आता थेंब काय करतात? औषधाचं नाव पायलोकार्पिन, प्रमाण १.२५ टक्के. हे औषध ताठर झालेलं भिंग पुन्हा लवचिक करत नाही. ते डोळ्याची बाहुली लहान करतं. बस, मुख्य युक्ती एवढीच. (स्नायूवरही त्याचा थोडा परिणाम होतो, पण भिंगच ताठर असेल तर स्नायू किती ओढणार?) बाहुली लहान झाली की जवळचं का दिसतं, हे तुम्हाला आत्ता घरीच करून बघता येईल. चाळिशी लागलेल्या माणसाचा चष्मा काढून ठेवा. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडा आणि एक डोळा मिटून, दुसऱ्या डोळ्याने त्या छिद्रातून पेपरातली बारीक अक्षरं वाचायला सांगा. वाचता येतात. अक्षरं जरा अंधूक वाटतात, पण त्यांच्या कडा स्पष्ट असतात. कडेकडेने येणारे, फोकस बिघडवणारे किरण छिद्राने अडवलेले असतात. पायलोकार्पिन हेच छिद्र तुमच्या डोळ्यातच तयार करतं, काही तासांपुरतं.

हे औषध नवीन नाही, हे मला बातम्यांमध्ये कुठेतरी ठळक दिसायला हवं होतं. जाबोरांडी नावाच्या दक्षिण अमेरिकन झाडाच्या पानांतून ते १८७५ मध्ये वेगळं केलं गेलं. फ्रान्समध्ये हार्डी आणि इंग्लंडमध्ये जेरार्ड या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे. त्यानंतर लगेचच काचबिंदूसाठी त्याचा वापर सुरू झाला आणि जवळजवळ शंभर वर्षं ते काचबिंदूचं नेहमीचं औषध होतं. मग डॉक्टरांनी आणि रुग्णांनी ते हळूहळू सोडलं, कारण भुवईवर दुखायचं, संध्याकाळी अंधारून यायचं आणि दिवसातून चारचार वेळा घालावं लागायचं. म्हणजे १५० वर्षांचं औषध, त्याचे त्रासही तितकेच जुने आणि माहितीतले. नवीन आहे ते प्रमाण, बाटलीतलं द्रावण आणि वापरण्याचं कारण.

द्रावणाबद्दल थोडं थांबते, कारण इथे खरोखर चांगलं रसायनशास्त्र आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. पायलोकार्पिन आम्लधर्मी द्रावणात टिकतं, उदासीन द्रावणात हळूहळू खराब होतं. पण आम्लधर्मी थेंब डोळ्यात झोंबतो. झोंबला की डोळ्यातून पाणी येतं आणि औषध त्या पाण्याबरोबर गालावर. मग करायचं काय, तर बाटलीत द्रावण आम्लधर्मी ठेवायचं, पण त्याचा बफर इतका हलका ठेवायचा की अश्रूंत मिसळताच त्याचा सामू पटकन अश्रूंसारखा व्हावा. ‘डायनॅमिक बफर’ म्हणून जो शब्द फिरत होता त्याचा अर्थ हा. ही कामाची गोष्ट आहे. तिने चष्मा जात नाही, पण थेंब सहन होतो.

आता मुख्य पेपर. अमेरिकेत याच औषधाचे याच प्रमाणातले थेंब ‘व्ह्युइटी’ या नावाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मंजूर झाले. त्यामागच्या दोन मोठ्या चाचण्यांपैकी पहिली, जेमिनी १, हिचे निकाल २०२२ मध्ये जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी या नियतकालिकात आले. ४० ते ५५ वर्षांचे ३२३ लोक. १६३ जणांना औषधाचे थेंब, १६० जणांना औषध नसलेले तसेच दिसणारे थेंब. रोज एकदा, ३० दिवस. कुणाला काय मिळतंय हे घालणाऱ्यालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही. इथपर्यंत सगळं नीट, पाठ्यपुस्तकात दाखवावं असं.

मोजलं काय? तिसाव्या दिवशी, थेंब घातल्यावर तिसऱ्या तासाला, मंद उजेडात, जवळच्या तक्त्यावर तीन किंवा जास्त ओळींची सुधारणा कितीजणांत झाली, आणि तीही लांबचं फारसं न बिघडता. तीन ओळी म्हणजे किरकोळ नाही. आधी जेवढं बारीक अक्षर वाचता येत होतं त्याच्या निम्म्या आकाराचं अक्षर वाचता येणं, असा त्याचा अर्थ. उत्तर आलं: औषधाच्या गटात ३०.७ टक्के, औषध नसलेल्या गटात ८.१ टक्के.

हे आकडे दोनदा वाचा. औषध काम करतं, यात शंका नाही, फरक मोठा आहे. पण शंभरातल्या साधारण एकतीस जणांनाच ती तीन ओळींची सुधारणा मिळाली. एकोणसत्तर जणांना मिळाली नाही. त्यातल्या काहींना एकदोन ओळींची मिळाली असेल, पण ‘चष्मा गेला’ असं म्हणण्याइतकी नाही. आणि सहाव्या तासाला बघितलं तर हा आकडा १८.४ टक्क्यांवर आला, दुसऱ्या गटाचा ८.८. सकाळी आठला थेंब घातला तर दुपारी दोनला शंभरातल्या अठरा जणांत तो परिणाम उरलाय. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेत दिवसातून दुसऱ्यांदा थेंब घालायला परवानगी दिली गेली ती यामुळेच. डोकेदुखी औषधाच्या गटात १४.१ टक्के, दुसऱ्या गटात ९.४ टक्के.

(औषध नसलेल्या गटात आठ टक्के लोकांना कशी सुधारणा झाली, असं कुणी विचारेल. तक्ता पुन्हा पुन्हा वाचून सराव होतो, नुसता ओलावा मिळाला तरी कोरड्या डोळ्याला बरं वाटतं, आणि मोजमाप दर वेळी थोडं इकडेतिकडे होतं. म्हणून तर तो दुसरा गट लागतो.)

चाचणी मंद उजेडात का घेतली, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. त्याचं एक चांगलं उत्तर आहे: मंद उजेडातच चाळिशीवाल्यांची जास्त पंचाईत होते. पण दुसरी बाजूही बघा. भर उन्हात बाहुली आपोआपच लहान असते, छिद्राचा फायदा निसर्ग आधीच देत असतो. मंद उजेडात बाहुली मोठी असते, म्हणून औषधाने ती लहान केल्याचा फरक दाखवायला तिथे जास्त जागा असते. यात लबाडी नाही. पण अंगणात उजेडात बसून तांदूळ निवडणाऱ्या बाईला याच औषधाने किती फरक पडेल, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. या चाचणीत थेंबांची तुलना औषध नसलेल्या थेंबांशी आहे. नियामकाला ती हवीच असते, कारण त्याचा प्रश्न असतो, औषध काही करतं का? तुमचाआमचा प्रश्न तो नसतोच. अष्टमीच्या माणसापुढे ‘औषधाचे थेंब की नुसतं पाणी’ असा पर्याय कधी उभा राहतो का? त्याच्यापुढे पर्याय आहे तो थेंब की चष्मा. कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात गेलं की शेदीडशे रुपयांत वाचायचा तयार चष्मा मिळतो. नंबर बरोबर असेल तर तो शंभरातल्या जवळपास शंभर जणांना जवळचं दाखवतो, तिसऱ्या तासालाही आणि तेराव्या तासालाही. डोकं दुखलं तर काढून ठेवता येतो. हा गडी मैदानात उतरवलाच नाही आणि शर्यत जिंकल्याची बातमी आली.

पैशांचं गणित साधं आहे. प्रेसव्हूची जी किंमत तेव्हा जाहीर झाली होती ती बाटलीला साधारण साडेतीनशे रुपये. अमेरिकेतली बाटली अडीच मिलिलिटरची असते. एक थेंब चाळीस मायक्रोलिटरचा धरला तर साठेक थेंब होतात, म्हणजे दोन डोळ्यांना रोज एक याप्रमाणे महिना. इथली बाटलीही महिनाभर पुरते असं धरलं तर वर्षाचे चार हजारांच्या वर, आणि ते वर्षानुवर्षं. रोजंदारीवर शिवणकाम करणाऱ्या बाईला हा खर्च झेपणार आहे का, हे तुम्हीच सांगा.

‘योग्य तुलना’ म्हणजे काय हे दाखवायला डोळ्यांच्याच क्षेत्रातलं एक उदाहरण देते. काचबिंदूवर थेंब आधी की लेझर आधी, यावर ब्रिटनमध्ये लाइट नावाची चाचणी झाली. ७१८ रुग्ण, निकाल २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये. तिथे थेंबांची तुलना पाण्याशी केली नाही, थेट लेझरशी केली. कारण रुग्णापुढे खरा पर्याय तो होता. तीन वर्षांनी दिसलं की लेझर आधी घेतलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना थेंबांशिवाय डोळ्यातला दाब हवा तिथे ठेवता आला होता. पुढे २०२२ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत अनेक रुग्णांसाठी लेझर पहिल्या क्रमांकावर आलं. प्रश्न नीट विचारला की उत्तरही कामाचं येतं.

चष्म्याच्या बाजूने पुरावा आहे का? आहे, आणि आपल्याच देशातला. आसामच्या चहामळ्यांत ७५१ कामगारांवर प्रॉस्पर नावाची चाचणी झाली. वय चाळीस आणि पुढे, जवळचं कमी दिसणारे. निम्म्यांना लगेच मोफत वाचायचा चष्मा दिला, निम्म्यांना चाचणी संपल्यावर. आणि मोजलं काय, तर तक्त्यावरच्या ओळी नाही, दिवसाला किती किलो पानं खुडली ते. चष्मा मिळालेल्यांची खुडणी सरासरी ९.८४ किलोने वाढली, न मिळालेल्यांची ४.५९ किलोने. फरक काढला तर उत्पादकतेत २१.७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्यांत तो ३१.६ टक्के होता. निकाल २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आले. बांगलादेशात अशाच चष्म्याने गावातल्या हातकाम करणाऱ्या ८२४ लोकांपैकी चष्मा मिळालेल्यांचं उत्पन्न आठ महिन्यांनी दुसऱ्या गटापेक्षा तेहेतीस टक्क्यांनी जास्त दिसलं. तो पेपर २०२४ चा, म्हणजे प्रेसव्हूच्याच वर्षाचा. तो तुमच्या व्हॉट्सअॅपवर आला होता का?

आता माझ्या आवडत्या पेपरलाही सोडायला नको. प्रॉस्परमध्ये कुणाला चष्मा मिळाला हे सगळ्यांना दिसत होतं, चष्मा लपवता येत नाही. आपल्याला काहीतरी मिळालंय या उत्साहानेही माणूस जास्त काम करतो. न मिळालेल्या गटाचीही खुडणी वाढलीच, कारण हंगाम. शिवाय चहाची पानं किलोवर मोजता येतात, आपल्याकडची बरीच कामं येत नाहीत. तरीसुद्धा हा पेपर मला जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्याने माणसाच्या कामाचा प्रश्न विचारला. जगात २०१५ मध्ये चाळिशी लागलेले १८० कोटी लोक होते असा अंदाज आहे, आणि त्यातल्या ८२.६ कोटींकडे नीट चष्मा नव्हता. त्यांच्या अडचणीवर औषध सापडायचं बाकी नव्हतं, उपाय फक्त पोचायचा बाकी होता.

मग थेंब कुणालाच नकोत का? असं मी म्हणणार नाही. कोकणातल्या पावसात चष्मा लावून बघा एकदा. जून ते सप्टेंबर काचेवर पाणी, आत वाफ, पुसायला कोरडं फडकं नाही. मासे कापणाऱ्या बाईचे हात ओले, चष्मा घसरला तर वर करणार कशाने? धाटावच्या एमआयडीसीत सुरक्षेचा गॉगल घालून काम करणाऱ्याला त्याखाली दुसरा चष्मा नको वाटतो. काहींना लग्नकार्यात तीनचार तास चष्मा नको असतो, त्यातही काही गैर नाही. ज्याला परवडतं, ज्याच्या डोळ्यांना मानवतं, त्याने काही तासांची सोय म्हणून थेंब वापरावेत. ‘चष्म्याला जोड’ असं म्हटलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. मथळ्यांत होता तो चष्म्याला पर्याय.

नियामकांनी बोट ठेवलं ते बरोबर इथेच. परवानगी होती ती प्रौढांमधल्या प्रेसबायोपियाच्या उपचारासाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध म्हणून. वाचायच्या चष्म्यावरचं अवलंबित्व कमी करणारे भारतातले पहिले थेंब, चष्म्याशिवाय जवळचं दिसेल, असे जे दावे झाले त्यांना परवानगी नव्हती. शिवाय एवढ्या गाजावाजामुळे लोक ते चिठ्ठीशिवायच घेऊ लागतील, ही भीती. औषध निरुपयोगी आहे म्हणून स्थगिती दिली असं नाही, हे लक्षात घ्या. दोन वाक्यांमधल्या अंतरामुळे दिली. मला ते योग्य वाटतं. पण वाईट याचं वाटतं की ते अंतर बातमी लिहिणाऱ्या कुणालाही मूळ पेपर दहा मिनिटं वाचून दाखवता आलं असतं. ३०.७ हा आकडा पेपरच्या सारांशातच आहे, आत शोधावाही लागत नाही.

आपल्याकडच्या डोळ्यांसाठी तीन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. पहिली अंधाराची. बाहुलीचा व्यास चार मिलिमीटरवरून दोनवर आला तर आत येणारा उजेड निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं. पावसाळ्यातली संध्याकाळ, समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत, रस्त्यावर खड्डे, आणि तुम्ही थेंब घालून कोलाडहून स्कूटरवर येताय. अमेरिकेतल्या औषधाच्या माहितीपत्रकातही रात्री गाडी चालवण्याबाबत इशारा आहे. दुसरी वयाची. चाचणीतले लोक ५५ पर्यंतचे. साठीच्या माणसाला बऱ्याचदा मोतीबिंदूची सुरुवात झालेली असते. भिंगाचा मधला भाग गढूळ असेल आणि बाहुली लहान करून तुम्ही त्याला नेमकं मधूनच बघायला लावलंत, तर दिसणं कमी होतं. तिसरी रंगाची. डोळ्यातल्या काळ्या-तपकिरी रंगद्रव्याला पायलोकार्पिन चिकटून बसतं, आणि गडद डोळ्यांत त्याचा परिणाम कमी मिळतो, हे काचबिंदूच्या काळापासून माहीत आहे. म्हणून भारतीय डोळ्यांवर वेगळी चाचणी व्हायलाच हवी, आणि कंपनीने इथे २७४ रुग्णांवर चाचणी केल्याचं सांगितलं होतं ती गोष्ट तत्त्वतः योग्यच. अमेरिकेतले टक्के इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत, वरही आणि खालीही.

चिठ्ठीच्या अटीचा एक फायदा मात्र मान्य करते. तयार चष्मा घेणारा माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातच नाही. बाजारात दोन-तीन चष्मे लावून बघतो, अक्षर दिसलं की पैसे देतो. दोन डोळ्यांचा नंबर वेगळा असू शकतो, आणि चाळिशीनंतर काचबिंदू आणि मधुमेहाने पडद्यावर होणारे परिणाम मुकाट्याने सुरू होतात. ते कुठलाही तयार चष्मा दाखवत नाही. पायलोकार्पिन देण्याआधी डॉक्टरांना पडदा तपासावा लागतो, कारण या औषधाने क्वचित पडद्याला फाट जाण्याचा किंवा तो सुटण्याचा धोका असतो, विशेषतः लांबचा मोठा नंबर असलेल्यांना. तेव्हा चष्मा घ्या, पण चाळिशी लागली की एकदा डोळे नीट तपासूनही घ्या, बाहुली मोठी करून, पडद्यासकट.

आणि ज्यांना डॉक्टरांनी असे किंवा कुठलेही कायमचे थेंब दिलेत, त्यांच्यासाठी थोडं वापराबद्दल. डोळ्यात एका वेळी साधारण तीस मायक्रोलिटर द्रव मावतो, तोही जेमतेम. एक थेंब त्याहून मोठाच असतो. म्हणजे दुसरा थेंब घातलात तर तो गालावर जातो आणि बाटली पंधरा दिवसांत संपते. हात धुवायचे, खालची पापणी ओढून खळगा करायचा, एक थेंब, बाटलीचं टोक पापणीला न लावता. मग डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरायचा. तिथून एक नळी नाकात जाते, औषध तिकडे गेलं की अंगात पसरतं. पायलोकार्पिन अंगात पसरलं तर घाम येतो, तोंडाला पाणी सुटतं. दुसरे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. आणि एक अगदी स्पष्ट सांगते: घरात आजीच्या काचबिंदूची पायलोकार्पिनची बाटली असेल तर ‘औषध तेच तर आहे’ म्हणून ती चाळिशीसाठी वापरू नका. तिचं प्रमाण बहुधा जास्त असतं, आणि बाटली उघडून किती महिने झाले हे आजीलाही आठवत नसतं. थेंब घातल्यावर डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके वाढले किंवा पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, उद्यावर ढकलायचं नाही.

या क्षेत्रात काम थांबलेलं नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत कमी प्रमाणाचे, ०.४ टक्क्यांचे पायलोकार्पिन थेंब मंजूर झाले, आणि जुलै २०२५ मध्ये असेक्लिडीन या दुसऱ्या औषधाचे. तेही बाहुलीच लहान करतात, फक्त स्नायूला कमी ओढून. यातलं एखादं उद्या आपल्याकडे येईल, पुन्हा मथळे येतील. तेव्हा मला कुणी विचारलं की चाचणी कशी घ्यायला हवी होती, तर मी अशी घेईन: रोहा-अष्टमीतले चाळीस ते पासष्ट वयाचे लोक, शिवणकाम करणारे, तांदूळ निवडणारे, मोबाइल दुरुस्त करणारे, दुकानाची वही लिहिणारे. प्रत्येकाला एक महिना चष्मा, एक महिना थेंब, क्रम चिठ्ठी टाकून. सकाळी दहाला, दुपारी तीनला आणि संध्याकाळी सातला मोजायचं: मिनिटात किती सुया ओवल्या, तासाला किती टीप शिवली, वहीत किती चुका झाल्या. सातच्या मोजणीनंतर पुलावरून स्कूटरने घरी जाताना समोरचं किती दिसलं, तेही विचारायचं. महिन्याला खिशातून किती गेले ते लिहायचं. आणि शेवटी दोन्ही समोर ठेवून विचारायचं, यातलं काय पदरच्या पैशांनी घ्याल? अवघड असं यात काही नाही, खर्चही फार नाही. जेमिनीचा खर्च थेंब बनवणाऱ्या कंपनीने केला होता. चष्म्याला पेटंट नाही, त्यामुळे या चाचणीचा खर्च कुठलीही कंपनी करणार नाही. तो सरकारी संशोधन निधीतूनच यावा लागेल.